स्क्रीन रीडरवर चालणारा स्टुडिओ अपग्रेड करताना: काय आधी, काय नंतर

तुमचा प्रश्न मी समजले तो असा. तुम्ही जन्मापासून अंध आहात आणि सांगलीजवळ घरातल्याच एका खोलीत रेकॉर्डिंग करता. भजनी मंडळांचे अभंग, शाळांची स्वागतगीतं अशी कामं असतात, आणि आता एका प्रकाशकाने ऑडिओबुकचं काम देऊ केलं आहे. विंडोज १० चा जुना लॅपटॉप, आठ जीबी रॅम, एनव्हीडीए (स्क्रीनवरचं बोलून दाखवणारा मोफत स्क्रीन रीडर), ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर आणि दोन इनपुटचा जुना इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारा डबा) एवढं सामान आहे. हाताशी सव्वा लाख रुपये आहेत. कुणी मॅक घ्या म्हणतं, कुणी म्हणतं प्रो टूल्स हे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर नसेल तर मोठे स्टुडिओ दारात उभं करणार नाहीत, दुकानदाराच्या मते आठ इनपुटचा इंटरफेस हवा. आणि शेवटी तुम्ही लिहिलं आहे, "एकदाच सगळं बदलून टाकतो, म्हणजे परत बघायला नको."

खरी अडचण त्या शेवटच्या वाक्यात आहे. काय घ्यायचं हे दोन दिवस चौकशी केली की कळतं. पण नवं आणून जोडल्यापासून ते पुन्हा पहिल्यासारखा हात चालायला लागेपर्यंत मधे जे दिवस जातात, त्यात काम कसं चालू ठेवायचं, हे कुणी सांगत नाही. डोळस रेकॉर्डिस्टचं काही बिघडलं तर त्याच्यासमोर निदान स्क्रीन असते, एरर वाचता येते. आपलं बोलणं बंद पडलं की मशीन चालू असूनही बंद. मी पुण्यात स्वतःचा छोटा स्टुडिओ चालवते, मलाही दिसत नाही, आणि कुठलीही नवी वस्तू घेताना मी पहिला प्रश्न हाच विचारते: हे अडलं तर मला एकटीला यातून बाहेर पडता येईल का? आवाज किती चांगला येतो हा प्रश्न त्यानंतरचा. आजच्या काळात पंधरा-वीस हजारांच्या इंटरफेसचा आवाजही ऑडिओबुकला पुरून उरतो.

आपला सेटअप ही एक साखळी असते. खाली विंडोज, त्यावर स्क्रीन रीडर, त्यावर रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, त्याला बोलतं करणारं एक्स्टेंशन म्हणजे जोड-सॉफ्टवेअर, मग इंटरफेस विंडोजला ओळखू यावा म्हणून लागणारा ड्रायव्हर, मग प्लगइन, म्हणजे आवाजावर प्रक्रिया करणारी छोटी सॉफ्टवेअरं. सगळ्या कड्या एकाच दिवशी बदलल्या आणि कानात शांतता पसरली, तर कुठली कडी तुटली हे शोधायचं कसं? म्हणून एका वेळी एकच बदल करायचा, आणि तो अंगवळणी पडेपर्यंत जुनं सामान जागचं हलवायचं नाही. तुमच्या "एकदाच सगळं"ला माझा विरोध आहे तो एवढ्यासाठी.

आता काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मला इथून ठरवता येणार नाहीत. घरात किंवा शेजारी अर्धा तास मदत करेल असं डोळस माणूस आहे का? उद्या मुंबईला एखाद्या फिल्म स्टुडिओत नोकरी करायची आहे की घरचंच काम वाढवायचं आहे? तुमच्या कामात जिवंत वाद्यं जास्त की निवेदन जास्त? या उत्तरांनी खाली सांगितलेलं थोडं इकडेतिकडे होईल. मी असं धरून चालते की काम घरूनच करायचं आहे आणि पुढचं वर्षभर ऑडिओबुकवर घर चालायचं आहे.

पहिली कडी लॅपटॉप आणि विंडोज. इथे बदल टाळता येणार नाही, कारण विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सुरक्षा अपडेटची मुदतवाढ घेता येते, पण घरगुती वापराला तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. तुमचा लॅपटॉप त्यात बसत असला तरी एक लक्षात ठेवा. काही मशीनवर टीपीएम किंवा सिक्युअर बूट ही सुरक्षेची सोय बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते, आणि बायोसमध्ये एनव्हीडीए नसतो, विंडोजचा स्वतःचा स्क्रीन रीडर नॅरेटर नसतो, कुणीच बोलत नाही. एवढ्या एका कामासाठी डोळस माणूस शेजारी बसवा आणि त्याला स्क्रीनवरचा शब्द न् शब्द मोठ्याने वाचायला लावा. स्वतःच्या मनाने त्याने काही दाबायचं नाही, हे आधीच सांगून ठेवा.

माझ्या मते मात्र जुन्या लॅपटॉपला हात न लावता नवा घ्यावा. सोळा जीबी रॅम, निदान पाचशे जीबीची एसएसडी, पूर्ण आकाराच्या दोन यूएसबी जागा आणि पंख्याचा आवाज कमी. ग्राफिक्स कार्डावर पैसे घालवू नका, त्याचा आपल्याला काडीचा उपयोग नाही. कीबोर्ड मात्र दुकानात हाताने बघूनच घ्या. फंक्शन कीज चार-चारच्या गटांत मोकळ्या आहेत की सलग चिकटलेल्या, ॲप्लिकेशन की आहे का, होम आणि एंड स्वतंत्र आहेत का, हे तपासा. दिवसभर बोटं तिथेच असणार. साठ-सत्तर हजारांत असा लॅपटॉप मिळतो. चालू करताना विंडोजच्या पहिल्याच सेटअपमध्ये कंट्रोल, विंडोज आणि एंटर एकदम दाबलं की नॅरेटर बोलायला लागतो, त्यामुळे सुरुवातीचा सेटअप एकट्याने करता येतो. त्याआधी जुन्या लॅपटॉपवर एनव्हीडीएच्या टूल्स मेन्यूतून पोर्टेबल कॉपी करून पेनड्राइव्हवर ठेवा. तो पेनड्राइव्ह कायम बॅगेत असू द्या. नव्या मशीनवरचा एनव्हीडीए कधी बिनसला, तर त्यावरून बोलणं परत आणता येतं.

मॅकबद्दल. मॅक वाईट अजिबात नाही. व्हॉइसओव्हर हा ॲपलचा स्क्रीन रीडर २००५ पासून मॅकमध्ये आहे, लॉजिक प्रो हे ॲपलचं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर त्यावर चांगलं चालतं, त्यातल्या प्लगइनना साधी कंट्रोल्सची यादी म्हणून उघडण्याची सोय आहे. प्रो टूल्सही अंधांना खऱ्या अर्थाने वापरता येतं ते मॅकवरच, व्हॉइसओव्हर आणि फ्लो टूल्स नावाच्या मोफत शॉर्टकट-संचाच्या जोरावर. मुंबईतल्या फिल्म स्टुडिओत जायचं मनात असेल, जिथे प्रो टूल्सची सेशन्स, म्हणजे कामाच्या फाइली, रोज हातोहात फिरतात, तर मी स्वतः तुम्हाला मॅककडे पाठवेन. पण तुमच्या बाबतीत मॅक म्हणजे नवी ऑपरेटिंग सिस्टिम, नवा स्क्रीन रीडर आणि नवं सॉफ्टवेअर, तिन्ही एकदम. वर सव्वा लाखातला मोठा हिस्सा तिथेच जाईल. ऑडिओबुकचं काम अंगावर असताना हे करू नका.

"प्रो टूल्स नसेल तर उभं करत नाहीत" हेही अर्धंच खरं. दुसऱ्या स्टुडिओला तुमचं सेशन उघडायचं नसतं, त्याला तुमचे ट्रॅक हवे असतात. प्रत्येक ट्रॅक शून्यापासून सुरू होणारी वेगळी वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, नावात वाद्य आणि टेम्पो, एवढं नीट पाठवलं की कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये केलं हे कुणी विचारत नाही. माझ्याकडून असे ट्रॅक मुंबईला जातात आणि मिक्स होऊन परत येतात.

आता सॉफ्टवेअर. विंडोजवर एनव्हीडीए वापरणाऱ्याला मी बिनदिक्कत रीपर सांगते. रीपर मुळात अंधांसाठी केलेलं नाही. त्याला बोलतं करतं ते ओसारा नावाचं मोफत एक्स्टेंशन, आणि ते सुरू केलं जेम्स टे यांनी, मायकेल करन यांच्यासोबत एनव्हीडीए उभं करणारा ऑस्ट्रेलियातला माणूस. दोघेही स्वतः अंध. ज्याला स्वतःला दिसत नाही त्याने ते लिहिलं आहे, हे वापरताना पदोपदी जाणवतं. ट्रॅकवर बाण खाली नेला की ट्रॅकचं नाव, रेकॉर्डला तयार आहे का, म्यूट आहे का, हे नेमकं आणि थोडक्यात ऐकू येतं. पीक वॉचर लावून ठेवला की पातळी तुम्ही ठरवलेल्या डेसिबलच्या वर गेली तर तो सांगतो. मीटरकडे बघणाऱ्या डोळ्यांचं काम तिथे कान करतात. एफ १२ दाबलं की शॉर्टकट-मदत चालू होते, मग कुठलीही की दाबा, ती काय करते ते फक्त बोललं जातं, प्रत्यक्ष घडत काही नाही. नवशिक्याला याहून चांगली शिकवणी नाही. ओसाराच्या जोडीला एसडब्ल्यूएस हे दुसरं मोफत एक्स्टेंशन घ्याच, लाउडनेस मोजायला ते कामी येतं.

रीपरचं लायसन्स ६० डॉलरचं आहे, म्हणजे साधारण पाच-साडेपाच हजार. वर्षाची एकूण मिळकत वीस हजार डॉलरच्या आत असेल तर व्यवसायालाही हेच चालतं, त्यावर असेल तर २२५ डॉलरचं घ्यावं लागतं. त्याआधी ६० दिवस पूर्ण सॉफ्टवेअर कुठलीही कात्री न लावता वापरून बघता येतं. आणखी एक सोय आपल्यासाठी लाखमोलाची आहे: रीपर पोर्टेबल पद्धतीने एखाद्या साध्या फोल्डरमध्ये बसवता येतं, ओसाराही त्या फोल्डरमध्ये टाकता येतं. म्हणजे नवी आवृत्ती आली की ती वेगळ्या फोल्डरमध्ये बसवायची, तिथे खेळून बघायचं, काही बोलायचं थांबलं तर फोल्डर पुसायचा. चालू आवृत्तीला धक्का लागत नाही. आणि प्रेफरन्सेसमधल्या जनरल पानावरून सगळी कॉन्फिगरेशन एका फाइलमध्ये बाहेर काढून ठेवता येते. प्रत्येक बदलाआधी ती काढायची आणि नावात तारीख टाकायची, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

ही सवय का, ते सांगते. आपल्या आधीच्या पिढीतले जगभरचे अनेक अंध संगीतकार सोनार हे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर जॉज या स्क्रीन रीडरच्या स्क्रिप्ट्स लावून वापरायचे. २०१० च्या अखेरीस सोनारच्या एक्स-१ आवृत्तीने सगळा इंटरफेस बदलला आणि स्क्रिप्ट्स आंधळ्या झाल्या. लोक कित्येक वर्षं ८.५ वरच थांबले, त्यासाठी जुनी मशीनं जपत राहिले, आणि २०१७ च्या नोव्हेंबरात सोनार बनवणाऱ्या केकवॉक कंपनीचं कामच तिच्या मालक गिब्सनने थांबवलं. पुढे बँडलॅबने ते विकत घेतलं, पण ज्यांची बोटं त्या एका आवृत्तीत अडकली होती त्यांना नव्याने शिकण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. रीपर-ओसारा जोडीलाही उद्या काही होणारच नाही अशी खात्री कुणी देऊ शकत नाही. फरक इतकाच की ओसाराचा कोड खुला आहे आणि तो सांभाळणारे लोक स्वतःच ते वापरतात. त्यांच्याशी संपर्क ठेवा. रीपर्स विदाउट पीपर्स हा गट आणि रीपर ॲक्सेसिबिलिटी ही विकी, दोन्ही इंग्रजीत आहेत, पण तिथे विचारलेल्या प्रश्नाला वापरणाऱ्या माणसाकडून उत्तर येतं.

ऑडॅसिटी सोडू नका. एखादी फाइल पटकन कापायला, फॉरमॅट बदलायला ते झटपट आहे. फक्त तासाभराच्या प्रकरणात चुकलेली वाक्यं पुन्हा पुन्हा घालायची असतील तेव्हा रीपरचं रिपल एडिटिंग आणि पंच रेकॉर्डिंग (फक्त चुकलेला तुकडा पुन्हा रेकॉर्ड करणं) वेगळंच सुख देतं. मधलं वाक्य काढलं की मागचं सगळं आपोआप पुढे सरकतं. मार्करला नाव देता येतं, "पान ४२, उच्चार तपासा" असं, आणि नंतर मार्करवरून मार्करवर उड्या मारत दुरुस्ती करता येते. कुणाला इलेक्ट्रॉनिक संगीतात रस असेल तर एबलटन लाइव्हनेही २०२४ मध्ये बाराव्या आवृत्तीपासून स्क्रीन रीडरची सोय आणली आहे, पण तुमच्या कामाला ते लागणार नाही.

आता त्या भागाकडे येते, ज्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण ज्यावर सगळं अडतं. एनव्हीडीएचा आवाज आणि रेकॉर्डिंगचा आवाज यांच्या वाटा पूर्ण वेगळ्या ठेवा. दोन्ही एकाच इंटरफेसमधून गेले तर दोन गोष्टी होतात. एक, गायक डोळे मिटून आलाप घेतोय आणि त्याच्या हेडफोनमध्ये यंत्राचा आवाज म्हणतो, "ट्रॅक तीन, आर्म्ड". तो दचकतो, टेक जातो. दुसरी त्याहून वाईट. रीपर आसिओ या रेकॉर्डिंगसाठीच्या ड्रायव्हरवर ४८ किलोहर्ट्झने चालू होतं, विंडोजचा आवाज त्याच इंटरफेसवर ४४.१ ला असतो, आणि काही इंटरफेस हे दोन्ही एकदम सांभाळत नाहीत. रीपर उघडताक्षणी एनव्हीडीए गप्प. मशीन अडकलं असं वाटून माणूस पॉवरचं बटण दाबून धरतो आणि चालू प्रोजेक्ट घालवून बसतो. अंध रेकॉर्डिस्टकडून मला येणाऱ्या फोनमध्ये हा प्रकार सगळ्यात जास्त असतो.

उपाय काही शे रुपयांचा आहे. साधं यूएसबी साउंड कार्ड घ्या, पेनड्राइव्हएवढं असतं, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतं, तुमच्याकडेही मिळेल. एनव्हीडीएच्या सेटिंग्जमध्ये ऑडिओ विभागात आउटपुट म्हणून ते निवडा. त्यात वायरचा एका कानाचा इअरफोन. रीपरमध्ये मात्र आसिओ आणि तुमचा इंटरफेस. एका कानात एनव्हीडीए, दुसऱ्यावर हेडफोनचा एक कप, अशीच मी काम करते. ब्लूटूथ इअरफोन टाळा, त्यात बोलणं मागे पडतं आणि पहिलं अक्षर खाल्लं जातं, "अनम्यूट"चं "म्यूट" ऐकू आलं तर काय होईल याची कल्पना करा. इंटरफेसला लूपबॅक (कॉम्प्युटरचा आवाज परत रेकॉर्डिंगमध्ये घेण्याची सोय) असेल तर तो बंद आहे ना हे रेकॉर्डिंगच्या आधी तपासा, नाहीतर एनव्हीडीएच ऑडिओबुकात जाऊन बसेल.

इंटरफेस घेताना दुकानात बॉक्स उघडायला लावा आणि वस्तू हातात घ्या. गेनचा, म्हणजे माइकची पातळी ठरवणारा, नॉब फिरवून बघा: दोन्ही टोकांना अडतो का? अडत असेल तर घड्याळाच्या काट्यासारखी जागा बोटाला कळते, "दोन वाजता" ठेवला की उद्याही दोन वाजताच सापडतो. गोल गोल अखंड फिरणारा नॉब आतून डिजिटल असतो, त्याची जागा फक्त भोवतीच्या दिव्यांवरून दिसते. कंडेन्सर माइकला वीज देणारं ४८ व्होल्टचं बटण दाबल्यावर आत राहतं का? राहत असेल तर चालू-बंद बोटाला समजतं. नुसतं टिचकी मारून परत येणारं असेल तर त्याची अवस्था कळायला दुसरा मार्ग हवा. टचस्क्रीन असेल तर परत बॉक्समध्ये ठेवायला सांगा. गेन किंवा डायरेक्ट मॉनिटर (माइकचा आवाज थेट हेडफोनमध्ये देणं) कंपनीच्या सॉफ्टवेअरमधूनच लागत असेल, तर ते सॉफ्टवेअर मोफत उतरवून घ्या, एनव्हीडीए चालू करून टॅब मारत जा. प्रत्येक ठिकाणी नाव आणि किंमत ऐकू येते का? नुसतं "बटन, बटन, बटन" येत असेल तर पैसे देऊ नका.

डिजिटल गेन म्हटलं की वाईटच असं मात्र नाही. फोकसराइट स्कार्लेटच्या चौथ्या पिढीत, म्हणजे २०२३ नंतरच्या, टू-आय-टू आणि फोर-आय-फोरमध्ये ऑटो गेन आहे. ते चालू करून निवेदकाला दहा सेकंद त्याच्या सगळ्यात मोठ्या आवाजात वाचायला सांगितलं की पातळी आपोआप बसते. दिवे बघायची गरज उरत नाही, बसलेली पातळी रीपरमध्ये ओसाराकडून ऐकून घ्यायची. त्याच मालिकेतल्या सोलोमध्ये ही सोय नाही, हे ध्यानात ठेवा, कारण स्वस्त म्हणून दुकानदार तोच पुढे करतो.

आठ इनपुट तुम्हाला आज नकोत. निवेदनाला एक इनपुट लागतो. भजनी मंडळासाठी मात्र माझी शिफारस वेगळी आहे: झूमच्या एसेन्शियल मालिकेतला रेकॉर्डर. २०२४ मध्ये आलेल्या एच-वन, एच-फोर आणि एच-सिक्स एसेन्शियलमध्ये मेन्यू आवाजात बोलून दाखवण्याची सोय आहे. मराठी नाही, इंग्रजीत बोलतो, पण बोलतो. बटणं खरी, दाबता येणारी. आणि रेकॉर्डिंग ३२ बिट फ्लोटमध्ये होतं, त्यामुळे गेन लावायचाच नसतो. पखवाजावर एकदम थाप पडली, पाठोपाठ झांजा आल्या, तरी नंतर रीपरमध्ये पातळी खाली घेतली की लाट अखंड सापडते. माइकच आवाजाने फाटला तर गोष्ट वेगळी. एच-सिक्सला वरच्या स्टिरिओ माइकशिवाय एक्सएलआर वायरीचे चार माइक जोडता येतात: पखवाजाला दोन्ही बाजूंनी दोन, पेटीला एक, बुवांना एक, आणि टाळकऱ्यांचा कोरस वरच्या माइकवर. यूएसबीने लॅपटॉपला जोडला की हाच रेकॉर्डर इंटरफेसही होतो. देवळात जाऊन रेकॉर्डिंग करायचं असेल तर आठ इनपुटच्या डब्यापेक्षा हा कितीतरी सोयीचा, लाइट गेली तरी बॅटरीवर चालू राहतो.

माइक आत्ता बदलू नका, आधी खोली बदला. ऑडिबलवर ऑडिओबुक चढवणाऱ्या एसीएक्स या मंचाचे निकष सांगते, तुमच्या प्रकाशकाचे वेगळे असतील, पण अंदाज येईल: आरएमएस म्हणजे सरासरी पातळी -२३ ते -१८ डेसिबलच्या मधे, पीक म्हणजे सगळ्यात मोठा क्षण -३ च्या वर नाही, आणि शांततेतला गोंगाट -६० च्या खाली. पहिले दोन रीपरमध्ये कंप्रेसर आणि लिमिटर ही पातळी आवरणारी प्लगइनं लावून जमतात. तिसरा खोलीनेच जमवावा लागतो. पंखा बंद, फ्रिजपासून लांब, निवेदकाच्या मागे आणि दोन्ही बाजूंना दोरीवर जाड गोधड्या, खाली सतरंजी. मग अर्धा मिनिट रिकामी खोली रेकॉर्ड करा आणि तिची पातळी मोजा. ज्या खोलीत भिंतींचा घुमारा आहे तिथे महागडा कंडेन्सर माइक तो घुमाराही महागड्या दर्जाचा टिपतो. तोंडाजवळ धरलेला साधा डायनॅमिक माइक तिथे जास्त कामाचा.

प्लगइनबद्दल मी कडक आहे. बहुतेक प्लगइनची खिडकी म्हणजे स्क्रीन रीडरच्या दृष्टीने एक चित्र. रीपर-ओसारा त्या खिडकीला वळसा घालून प्लगइनचे पॅरामीटर यादीत दाखवतं, बाणाने फिरा, किंमत बदला. पण यादीत काय येणार हे प्लगइन लिहिणाऱ्याच्या हातात असतं. एखाद्यात "थ्रेशोल्ड, -१८ डेसिबल" असं स्वच्छ ऐकू येतं, तर एखाद्यात "पॅरामीटर १७, ०.४३" असं, आणि त्या ०.४३ चं करायचं काय हे देवाला ठाऊक. म्हणून ट्रायल घेतल्याशिवाय एकही प्लगइन विकत घेऊ नका. ट्रायलमध्ये यादी शेवटपर्यंत ऐका, प्रीसेट बदलून बघा, आणि सॅम्पल किंवा फाइल आत उघडायला फक्त माउसच लागतो का ते तपासा. लायसन्स चालू करण्याची खिडकी हा तर स्वतंत्र त्रास आहे. एका नामांकित कंपनीचं प्लगइन माझ्याकडे सुंदर चालायचं, पण मशीन बदललं तेव्हा त्याच्या लायसन्सच्या खिडकीत एकही अक्षर बोललं जाईना. अशा वेळी एनव्हीडीए आणि आर दाबून विंडोजचा ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखण्याची सोय, वापरता येतो, बटणावरची अक्षरं वाचून तिथे एंटरही मारता येतं, मी तसंच निभावलं. पण दर वेळी जमेलच असं नाही. निवेदनासाठी रीपरसोबत येणारे ईक्यू, कंप्रेसर, गेट आणि लिमिटर पुरेसे आहेत, आणि त्यांतला जवळजवळ प्रत्येक आकडा बोलतो. पहिलं वर्ष एवढ्यावरच काढा.

आतापर्यंतचा हिशेब असा: लॅपटॉपला सत्तर हजार, रीपरला साडेपाच, इंटरफेस पंधरा-वीस, साउंड कार्ड, इअरफोन आणि गोधड्या धरून दोन-तीन, बाहेरची हार्ड डिस्क सहा-सात. उरलेल्यातून आत्ता काही घेऊ नका. झूमचा रेकॉर्डर भजनाचं पुढचं काम पक्कं झालं की घ्या.

आणि क्रम असा ठेवा. नवा लॅपटॉप आला की त्यावर फक्त एनव्हीडीए आणि ऑडॅसिटी, जुन्याच इंटरफेसवर. आठवडाभर रोजचं काम तिथे करा. मग आवाजाच्या वाटा वेगळ्या करा. मग रीपर आणि ओसारा, तरीही इंटरफेस जुनाच. इथे मी शिकवताना एक युक्ती वापरते: पैसे मिळालेलं, संपलेलं एखादं जुनं काम घ्यायचं आणि ते पहिल्यापासून रीपरमध्ये पुन्हा करायचं. निकाल काय यायला हवा हे कानाला आधीच माहीत असतं, त्यामुळे सगळं लक्ष बोटांवर राहतं, आणि गिऱ्हाइकाची घाईही नसते. ते जुन्याच्या तोडीचं झालं की मगच नवा इंटरफेस जोडा.

एकदा सगळं चालायला लागलं की गोठवा. ऑडिओबुक हातात असेपर्यंत विंडोजचे अपडेट पुढे ढकला, रीपर, ओसारा, ड्रायव्हर कशालाही हात लावू नका. एनव्हीडीएची दर वर्षीची पहिली आवृत्ती, म्हणजे ज्या आकड्याच्या शेवटी .१ असतं ती, जुनी ॲड-ऑन्स मोडते, तेव्हा तुमच्या ॲड-ऑन्सच्या नव्या आवृत्त्या आल्याशिवाय ती घेऊच नका. दोन पुस्तकांच्या मधल्या रिकाम्या दिवसांत अपडेट करा, आधी कॉन्फिगरेशन काढून.

जुना लॅपटॉप आणि जुना इंटरफेस विकून त्याचे पाच-सात हजार करण्याचा मोह होईल. प्रकाशकाने पहिली काही प्रकरणं पास करेपर्यंत ती जोडी तशीच, वायरींसकट, एका खोक्यात ठेवा. आणि कामाला हात घालण्याआधी प्रकाशकाकडून फाइलचा फॉरमॅट, पातळी आणि प्रकरणाच्या सुरुवातीला-शेवटी किती सेकंद शांतता हवी, हे लेखी मागवा.

रीपर बसवायच्या दिवशी अडलात तर मला कळवा. एनव्हीडीएमध्ये २०२५.१ पासून रिमोट ॲक्सेस आतच आलेला आहे, वेगळं काही बसवावं लागत नाही. दोघांनी एकच की टाकली की तुमच्या मशीनचं बोलणं मला इथे पुण्यात ऐकू येईल आणि माझ्या कीबोर्डने तुमचं मशीन चालवता येईल. त्याआधी मला तुमच्या आत्ताच्या इंटरफेसचं मॉडेल आणि त्याचा आसिओ ड्रायव्हर विंडोज ११ साठी कंपनीच्या साइटवर आहे का, एवढं लिहून पाठवा. तो नसेल तर इंटरफेसचा नंबर वर घ्यावा लागेल, आणि मग क्रम पुन्हा लावू.